सड्याला ओसाड म्हणणाऱ्यांसाठी

राजापूर तालुक्यातील आमच्या कुटुंबात गेले काही आठवडे एक वाद चालू आहे. मुंबईत राहणारे माझे थोरले चुलतभाऊ म्हणतात की, कातळशिल्पे, म्हणजे प्राचीन काळी कातळावर कोरलेली चित्रे, पाहायला लोक यायला हवे असतील तर शिल्पाच्या कडेपर्यंत डांबरी रस्ता, रात्रीची रोषणाई आणि गाड्यांसाठी सपाट केलेले पटांगण हवे. एरवी त्या ओसाड सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोण फिरकणार? ‘ओसाड’ हा त्यांचा शब्द मला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत बसून फार लागला.

इथून दोन-अडीच तासांवर किलमार्टिनचे खोरे आहे. तिथल्या आखनाब्रेकच्या खडकावर सुमारे ५,००० वर्षांपूर्वी कोरलेल्या वाटीएवढ्या खळ्या आणि त्यांभोवती वर्तुळांत वर्तुळे आहेत. गाडी खाली ठेवून झाडीतून चढून जावे लागते. रोषणाई मुळीच नाही; अशा उथळ रेघा तिरप्या उन्हात उठून दिसतात. गेल्या ऑक्टोबरात भर पावसात मी तिथे गेलो, तर एक वृद्ध जोडपे गावातले संग्रहालय आधी पाहून आले होते आणि ऊन पडण्याची वाट पाहत तासभर थांबले होते.

हे सांगितले की दादा म्हणतात, तिकडचे कौतुक पुरे. मी कौतुक करतो ते आपल्याच शिल्पांचे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या अंगात पशू, पक्षी, मासे कोरलेले आहेत. त्याच्यापुढे आखनाब्रेकची वर्तुळे मला साधी वाटतात. बारसूला दोन वाघांमध्ये उभा माणूस आहे. देवाचे गोठणे येथे शिल्पावर होकायंत्र धरले तर सुई भलतीकडे वळते. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील एक अशी नऊ स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पहिल्या पावसानंतर तो काळा कातळ हिरवा होतो आणि श्रावण-भाद्रपदात फुलांनी भरून जातो. त्याला ओसाड म्हणणाऱ्याने तो फक्त मे महिन्यात, गाडीच्या काचेतून पाहिला असावा.

तरीही दादांशी भांडताना मी एक गोष्ट सोयीने गाळतो. स्कॉटलंडच्या ज्या शांत माळांवर मी इतिहास आणि निसर्ग पाहत हिंडतो, त्यांतल्या कित्येकांवर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कुळे राहत होती. जमीनदारांनी मेंढ्यांसाठी त्यांना उठवले आणि घरांची जोती तेवढी उरली. आम्हाला कोणी उठवले नाही. आजोबा गिरणीत गेले, वडील कचेरीत, मी इथे. दादा निदान गणपतीला घर उघडतात. मी सलग सहा वर्षे तेही केलेले नाही. पाहुण्यांना जी कोकणची शांतता आवडते, तीत आमच्या बंद घराचीही भर आहे, आणि ती कशी जपावी हे मी दुरून शिकवतो आहे.

यापेक्षा अवघड गोष्ट पुढे आहे. गावच्या सड्यावर आमची सामाईक जमीन आहे आणि सातबाऱ्यावर बारा नावांत माझेही आहे. गेल्या वर्षी काकांचा फोन आला की चिरेखाणीसाठी जमीन द्यायची आहे, मुखत्यारपत्र पाठव. शिल्पाची रेघ काही बोटेच खोल असते आणि चिरे कापणारे यंत्र तिच्यावरून गेले की ती कायमची जाते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. त्या जागी मी लहानपणी करवंदे काढली आहेत, पण पायाखाली काही कोरलेले आहे का, हे पाहायला कधी वाकलो नाही. काकांना तसे विचारलेही नाही. एडिंबरोला जाऊन सही साक्षांकित केली आणि टपालाने पाठवून दिली.

ते मुखत्यारपत्र रद्द करण्यासाठी येत्या सोमवारी तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जाणार आहे. खाण सुरू झाली का, हे काकांना विचारण्याचे धैर्य मात्र अजून झालेले नाही.