‘जर्मनीत अडॉल्फ नावावर बंदी’? तसा कायदा नाही

‘जर्मनीत मुलाचं नाव अडॉल्फ ठेवणं गुन्हा आहे,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. या नावावर बंदी घालणारा कायदा तिथे नाही. मुलाचं अहित होईल असं नाव तिथलं नोंदणी कार्यालय नाकारू शकतं, एवढंच. १९४५ नंतर हे नाव जवळपास दिसेनासं झालं, ते लोकांनीच टाकलं म्हणून.

त्याआधी ते घरोघरचं नाव होतं. कृत्रिम नीळ प्रयोगशाळेत बनवणारे अडॉल्फ फॉन बायर यांना १९०५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे कारखान्यातली नीळ स्वस्त झाली आणि आपल्याकडची निळीची शेती बसली, हा त्या कथेचा भारतीय भाग. अडॉल्फ बुटेनांट यांना १९३९ चं नोबेल जाहीर झालं, पण हिटलरच्या राजवटीने ते नाकारायला लावलं. म्हणजे एका अडॉल्फचं नोबेल दुसऱ्यानेच अडवलं!

आणि बुटांच्या कंपनीचं ‘आदिदास’ हे नाव, अनेकांना वाटतं तसं, ‘ऑल डे आय ड्रीम अबाउट स्पोर्ट्स’ या इंग्रजी वाक्याचं लघुरूप नाही. १९४९ मध्ये कंपनी नोंदवणाऱ्या अडॉल्फ डास्लरना सगळे ‘आदी’ म्हणत. त्यालाच आडनावाचा तुकडा जोडला.