अडतीस दिवस

रविवारी संध्याकाळी पाचला संजय कट्ट्यावर आला तो बुटांचं खोकं घेऊनच. मागे त्याचा पोरगा ओजस. आत कोण आहे हे विचारायची गरज कुणालाच नव्हती. आठवडाभर ग्रुपवर त्याचेच फोटो पडत होते आणि प्रत्येक फोटोखाली नंदूचा सल्ला. शैलाने मात्र एकाही फोटोला उत्तर दिलं नव्हतं. फोटो बघून ती कुणालाच काही सांगत नाही. मंदारच्या कढीपत्त्यावर कीड पडली होती तेव्हाही तिने अख्खी कुंडी कट्ट्यावर आणायला लावली होती.

"झाकण काढ," ती म्हणाली. "आणि सगळे जरा मागे सरका. वरून एवढी तोंडं वाकली की त्याला आपण सगळे शिक्रेच वाटणार."

घोयऱ्याचं, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचं पिल्लू. शेपटीसकट माझ्या मधल्या बोटाएवढं. ओजसने खोक्यात पेरूची डहाळी आडवी बसवली होती, पण हे खाली पुठ्ठ्यावर पोट टेकून पडलेलं. घोयऱ्याचे डोळे कसे शंकूसारखे बाहेर आलेले असतात, एक इकडे बघतोय, एक तिकडे. याचे खोल गेलेले, आणि डावा तर भर उजेडात मिटलेला. शैलाने डहाळी काढून माझ्या हातात दिली. "त्याच्या पुढ्यात धर. बघू चढतो का."

त्याने पुढचा पाय उचलला. घोयऱ्याचा पाय म्हणजे चिमटाच, तीन बोटं एकीकडे नि दोन दुसरीकडे. तो चिमटा डहाळीवर बसला, जरा थरथरला आणि सुटला. पुन्हा बसला, पुन्हा सुटला. कोपर ते मनगट हाड धनुष्यासारखं वाकलं होतं. एवढ्याशा जिवाचं वाकलेलं हाड नुसत्या डोळ्यांनी दिसतंय, हे बघून माझ्या पोटात कालवलं.

"मुडदूस," शैला म्हणाली.

"मुडदूस लहान पोरांना होतो," नंदू म्हणाला. नंदू बोलायला लागला की आधी मनगटावरचं घड्याळ वर सरकवतो. तसं सरकवून म्हणाला, "हे स्ट्रेस आहे. मी व्हिडिओ पाठवला होता बघ. त्याला हिरव्या कागदावर ठेव, हिरवा झाला की समजायचं खूश."

"नंदू, रंग बदलण्यावर तू बोलू नकोस," इरफान म्हणाला. "सोसायटीच्या निवडणुकीत तीन पॅनेल फिरून आलायस."

हशा झाला, चहा आला. शैला हसली नाही. ती ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते, आणि तिच्या माहेरच्या सासवडच्या सीताफळीच्या बागेत तिने घोयरे वर्षानुवर्षं पाहिलेत. म्हणाली, "कागद बघून तो रंग बदलत नाही. ऊन, भीती, राग, समोर दुसरा घोयरा, यावर बदलतो. त्वचेच्या पेशींत बारीक स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की रंग फिरतो. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या लोकांनी मादागास्करच्या एका जातीवर हे दाखवून दिलं. आणि हा आत्ता ना हिरवा आहे ना पिवळा, राखेसारखा पडलाय. संजय, कधी आणलास याला?"

"झाले असतील आठ-दहा दिवस."

"आठ-दहा दिवसांत हाड असं वाकत नाही."

संजय चहाच्या कपात बघायला लागला. ओजस स्कूटरवर बसला होता, तिथून म्हणाला, "अडतीस."

त्याच्याकडे वही होती. दोनशे पानी, मागच्या बाजूने उलटी सुरू केलेली. रोजची तारीख, किती माश्या, किती मुंग्या, शी केली की नाही, शीचा रंग. पहिल्या आठवड्यात माश्यांच्या रकान्यात सात, नऊ, सहा. मग दोन. शेवटचे पाच दिवस शून्य, आणि शून्यावर पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर वळ उठलेले. सहावीतल्या पोराने हे लिहिलंय. आमच्यातल्या एकाने तरी त्या अडतीस दिवसांत त्याला नीट चार प्रश्न विचारले असते तर? मला त्या वेळी संजयचा राग आला, आणि अजून तो पुरता गेलेला नाही.

शैलाने वही सावकाश वाचली. एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं नारिंगी लिहिलंयस. काळं सोडून जो दुसरा भाग असतो तो?"

"हो, आधी पांढरा होता."

"तो पांढराच हवा. पिवळा-नारिंगी झाला म्हणजे अंगात पाणी नाही. पाणी कसं देत होतास?"

"बाटलीच्या झाकणात. नंदूकाकांनी सांगितलं होतं."

"घोयऱ्याला साठलेलं पाणी बहुतेक कळतच नाही, बाळा. तो पानावरचे थेंब चाटतो. सकाळी दव, नाहीतर पाऊस."

नंदूने घड्याळ पुन्हा वर सरकवलं. "मग आता ड्रॉपरने पाजा ना. आणि मंदारच्या दुकानातून लहान मुलांचं कॅल्शियमचं सिरप, व्हिटॅमिन डी असलेलं. चार दिवसांत उठून बसेल. सोबत उकडलेल्या अंड्याचा बलक."

"हलणाऱ्या भक्ष्यावरच तो जीभ टाकतो," शैला म्हणाली. "बलक पळाला तर खाईल."

मंदार एरवी नंदूची बाजू घेतो, शाळेपासूनचे दोस्त. पण औषधाचा विषय निघाला की त्याचा आवाज बदलतो. "सिरप मी देणार नाही. डी जास्त झालं तर विषच, आणि याचं वजन किती, डोस किती काढणार तू? ड्रॉपर तोंडात घातला तर पाणी श्वासनळीत जाईल. माझ्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत असतो, त्याने पाळलाय असला. येमेनकडची जात, तिकडे पिंजऱ्यातच जन्माला आलेला. त्याची बडदास्त ऐक. माणूसभर उंच जाळीचा पिंजरा, काचेचा नाही. वरून थेंब थेंब पाणी. अतिनील किरणांची खास नळी, ती दिसायला चालू असली तरी वर्षाच्या आत बदलायची, कारण उजेड राहतो पण किरण संपतात. दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर तेवढाच किडा द्यायचा, त्याहून मोठा नाही. त्या किड्यांनाही आधी भाजीपाला चारायचा, वर कॅल्शियमची पूड लावायची. एवढं करून तो सरड्यांच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आला."

"ऊन तर मी देत होतो," संजय म्हणाला. घसा बसल्यासारखा आवाज. "रोज सकाळी खिडकीत. नंदूने त्याची फिश टँक दिली होती, त्यातच ठेवला होता. आज फक्त आणायला म्हणून खोक्यात घातला."

"खिडकी उघडी?"

"बंद. मांजर येतं."

शैला क्षणभर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या आज्या बाळाला कोवळ्या उन्हात उघडं घेऊन बसायच्या. काचेआड नाही बसवायच्या. हाडाला लागतं ते ऊन काच अडवते. नुसती गरमी आत येते. खिडकीची एक काच, टाकीची दुसरी. या बिचाऱ्याला सव्वा महिना ऊन दिसलं, पण लागलं नाही."

माझ्या मते सगळ्या चर्चेतलं खरं वाक्य हे एवढंच. संजयने हयगय केली नव्हती. रोज आठवणीने उन्हात ठेवत होता. माया कमी पडली नाही, माहिती कमी पडली, आणि माहिती जिथे होती तिथे विचारायला तो घाबरला.

कारण खरा अडसर पुढेच निघाला. इरफानने विचारलं, "वनखात्याला का नाही कळवलं?" तर संजय एकदम उसळला. "केस झाली म्हणजे? बँकेत नोकरी आहे माझी. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे. मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं."

"तिसऱ्या दिवशी कळलं आणि अडतिसाव्या दिवशी आलास."

"म्हणून म्हणतो," नंदू खालच्या आवाजात म्हणाला, जणू वेताळ टेकडीवर कान टेकून कोणी बसलंय, "रात्री टेकडीवर नेऊन सोडून द्या. निसर्ग बघून घेईल. विषय संपला. नाहीतरी सरड्याची धाव कुंपणापर्यंत."

शैलाने कप खाली ठेवला. "याला फांदी धरता येत नाही. उद्या सकाळी कावळा बघून घेईल, निसर्ग नाही. आणि कुंपण म्हणालास म्हणून सांगते, कुंपणं उरलीत कुठं? शेराची गेली, निवडुंगाची गेली, घाणेरीही उपटली. तार आली, भिंती आल्या. सासवडला आमच्या कुंपणावर चालताना दिसायचे ते आता डांबरावर दिसतात, चपटे. ओजसला हा रस्त्यात का सापडला? त्याला रस्ता ओलांडायची हौस नव्हती."

यावर कुणाला बोलता आलं नाही. नंदूला आलं. म्हणाला, परदेशातला तरी रीतसर विकत आणता येतो ना, ओजसला तसा आणून देऊ. शैलाने सांगितलं की २०२४ च्या नियमांनंतर तसल्या परदेशी प्राण्याचीही सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, आणि तुझे गोल्डफिश किती दिवस जगले ते आधी सांग. मग गोल्डफिशवरून गाडी लव्हबर्ड्सवर गेली, तिथून नंदूने मंदारकडून २०१६ मध्ये घेतलेल्या अठराशे रुपयांवर. नंदू म्हणाला ते परत केलेत. मंदार म्हणाला कासच्या ट्रिपच्या हिशेबात धरलेस, आणि त्या ट्रिपला तुझ्याच गाडीतलं पेट्रोल खंबाटकीत संपलं होतं. दहा मिनिटं खंबाटकी. मी खोक्याकडे बघत होतो. गडी एक डोळा मिटून तसाच बसलेला.

मध्येच ओजस उतरून शैलाजवळ आला. "शैलामावशी, तो माझ्याकडे पुन्हा येईल का?"

"नाही. बरा झाला तर झाडावर जाईल."

"आणि नाही झाला तर?"

"तरी तुझ्याकडे नाही. पण आज नेला तर डॉक्टर त्याला मोजून कॅल्शियम देतील, पाणी देतील. वाकलेलं हाड पुरतं सरळ होत नाही, पण घट्ट होऊ शकतं. पकड येऊ शकते." ती खोटं सांगत नाही, मुलांनासुद्धा. पोराने ओठ दाबून मान हलवली.

तोवर इरफानने फोन कानाला लावलाच होता. गॅरेजमध्ये धामण निघाली तेव्हापासून त्याच्याकडे वनखात्याचा हेल्पलाइन नंबर, १९२६, सेव्ह आहे. "मला कुणी आत टाकलं नाही तेव्हा," तो संजयला म्हणाला, "तुलाही नाही टाकणार. उशीर झाला तर झाला म्हणून सांगायचं. लपवलं तर लोचा." फोनवर बोलणं दोन मिनिटांत झालं. खायला घालू नका, हाताळू नका, खोक्याला भोकं पाडा, अंधार ठेवा, बावधनच्या उपचार केंद्रात घेऊन या.

खोकं स्कूटरवरून न्यायचं नाही हे ठरलं. गाडी नंदूचीच होती समोर, आणि एक मान्य करायला हवं, किल्ली त्याने लगेच काढली. म्हणाला, "चला, मी नेतो." क्षणभर सगळे त्याच्याकडे बघत राहिले. कुणी बोलेना. शेवटी ओजसनेच विचारलं, "काका, पेट्रोल आहे ना?"

मंदारच्या तोंडातला चहा इरफानच्या शर्टावर. शैलासुद्धा हसली, संध्याकाळभरात पहिल्यांदा. नंदू काटा दाखवायला आम्हाला गाडीपर्यंत ओढत घेऊन गेला. अर्धी टाकी होती.

चांदणी चौकापर्यंत खोकं माझ्या मांडीवर होतं. आत मधूनच खसखस व्हायची आणि ओजस भोकाला डोळा लावायला वाकायचा, मग स्वतःच मागे सरकायचा. "त्याला शिक्रा वाटेल," म्हणायचा.

केंद्रात टेबलामागे एक तरुण डॉक्टर होत्या. फॉर्म पुढे ओढून त्यांनी विचारलं, कुठे सापडला, कधी सापडला. मी संजयकडे पाहिलं. त्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"अडतीस दिवस झाले," तो म्हणाला. "घरी होता. काचेत."

डॉक्टरांनी लिहून घेतलं, वर पाहिलं नाही. ओजसने वही टेबलावर ठेवली. त्यांनी मागून पानं उलटली, नारिंगीच्या ओळीशी थांबल्या, मग शून्यांशी. आणि खोक्याबरोबर वहीही आत घेऊन गेल्या.