टॅटूचा मेसेज, आज्जीचं गोंदण आणि भरती

जत्रांचे दिवस आले की आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं साधारण असं: टॅटू हे पाश्चात्त्य थेर आहे. आपल्या आज्ज्यांचं गोंदण मात्र शास्त्रशुद्ध, नसांवर टोचून आजार पळवणारं. टॅटूवाल्याला जन्मात रक्तदान करता येत नाही आणि सरकारी नोकरी तर विसराच. पुढे ढकलणाऱ्यांत गुरुजी असतात, सरपंच असतात, त्यामुळे लोकांना ते पटतंही.

आधी ते पाश्चात्त्य प्रकरण. लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही एसटीत म्हाताऱ्या बायांचे हात बघा. हातावर तुळशीवृंदावन, हनुवटीवर ठिपका, कुठे भावाचं नाव. सगळं आता हिरवट पडलेलं. तांड्यांवरच्या बंजारा बायांचं गोंदण तर वेगळं सांगायलाच नको. बाहेरून आलं ते मशीन. एडिसनच्या विजेच्या पेनावरून न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने ते बनवलं आणि १८९१ मध्ये पेटंट घेतलं. त्या मशीनने आमची पोरं काय काढून घेतात? राजमुद्रा, बाबासाहेबांची सही, महादेवाचा त्रिशूळ, ‘आई’. यात पाश्चात्त्य काय आहे, हे मेसेजवाल्यानेच सांगावं.

दुसरा मुद्दा ऐकायला गोड आहे, म्हणून जास्त घातक. गोंदणारीण बाजारात बसायची, तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायची, काजळीत बुडवून टोचायची आणि वरून हळद चोळायची. मग त्याच सुया पुढच्या पोरीला. अशा टोचण्याने आजार टळतात याला कसलाही पुरावा नाही. उलट यकृत बिघडवणाऱ्या हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो, आणि दुसऱ्याच्या रक्ताची सुई हा त्याला अंगात शिरायचा सरळ रस्ता. हेपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचीही भीती त्याच सुईतून. आता माळेगावच्या यात्रेत जा नाहीतर गावच्या उरुसात, बॅटरीवरचं मशीन घेऊन बसलेला गडी सुई फडक्याला पुसतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारतो. आज्जीच्या काळी जे चुकत होतं तेच इथेही चुकतंय. दुकान चकाचक असलं तरी सीलबंद सुई आपल्यासमोर फोडली का, शाई छोट्या टोपणात वेगळी काढली का आणि उरलेली फेकली की परत बाटलीत ओतली, एवढं डोळ्यांनी बघा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

रक्तदानाचं थोडक्यात: कायमची बंदी नाही. आपल्याकडच्या नियमानुसार टॅटू काढल्यावर १२ महिने थांबायचं. लागण नुकतीच झाली असेल तर ती तपासणीत सुटू शकते, म्हणून ही मुदत. वर्ष झालं की खुशाल शिबिरात जा.

राहिली नोकरी. सगळ्या सरकारी नोकऱ्यांना मिळून टॅटूचा एकच नियम आहे, ही निव्वळ थाप. काटेकोर नियम आहेत ते सैन्यात आणि केंद्रीय सशस्त्र दलांत, आणि तिथेही सरसकट नकार नाही. सैन्याला हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या मागे काढलेला टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना परंपरेच्या गोंदणासाठी आणखी सवलत आहे. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं. पण हाताच्या आतल्या बाजूला असेल तर फक्त डाव्या, कारण उजव्याने सलाम ठोकायचा असतो. आकारही त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी हवा.

पहाटे चारला उठून रस्त्याने पळणाऱ्या आमच्या पोरांना ही ओळ कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यांची आवडती जागा म्हणजे दंड, नाहीतर छाती. मोठी राजमुद्रा तिथेच शोभते म्हणे. आणि अग्निवीरच्या मेडिकलला अडकतं तेही तिथेच. मग टॅटू काढून टाकायला लेझर. त्याला एका बैठकीत भागत नाही, मोसंबी विकून आलेला पैसा त्यातच जातो, आणि एवढं करून डाग राहिला तर राहिलाच. दंडावर हात फिरवत दुकानात शिरणाऱ्या पोराला त्या भरतीची जाहिरात आधी वाचायला लावा. टॅटूची अट तिच्यातच छापलेली असते.