‘बेस६४ करून पाठवा, डेटा सुरक्षित’: फिरणाऱ्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

ठाणे-नवी मुंबईत मोबाइल अ‍ॅप करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला सतत फॉरवर्ड होत असतो. महापे-ऐरोलीत नव्याने नोकरीला लागलेल्या मुलांपासून वागळे इस्टेटमधल्या चार-पाच जणांच्या ऑफिसांपर्यंत तो पोचलाय. त्याचा गोषवारा असा: ‘सर्व्हरला काहीही पाठवताना आधी बेस६४ करा. डेटा सुरक्षित राहतो, फाइल हलकी होते, मराठी फुटत नाही. शिवाय यूटीएफ-८ मध्ये मराठीला तिप्पट जागा लागते, म्हणून यूटीएफ-१६ वापरा.’ (बेस६४ म्हणजे कुठलेही बाइट साध्या रोमन चिन्हांत लिहिण्याची पद्धत; यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धती, म्हणजे एन्कोडिंग.)

‘डेटा सुरक्षित राहतो.’ हा दावा आधी घेतो, कारण त्याचा भुर्दंड अ‍ॅप करणाऱ्याला नाही, वापरणाऱ्याला पडतो. घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या सोसायटीत गेटवर घरकामाला येणाऱ्या बाईंचा फोटो, मोबाइल नंबर, कधी आधारची प्रत अ‍ॅपमध्ये जाते. ती माहिती बेस६४ करून ठेवली म्हणजे जपली, असं समजणं चूक आहे.

बेस६४ बाइट्सना फक्त ६४ साध्या चिन्हांत लिहून काढतं. एन्क्रिप्शनला चावी लागते, इथे चावीच नाही. मजकूर ज्याच्या हाती लागेल त्याला तो एका ओळीच्या कोडने उलटा करता येतो. एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर बसवायची फाइल, ही मुळात झिप फाइल असते. ती उघडून त्यात बेस६४ केलेला पासवर्ड शोधायला फार वेळ लागत नाही, उलट शेवटची ‘बरोबर’ची चिन्हं बघून तो चटकन नजरेत भरतो. एचटीटीपीच्या बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये युजरनेम-पासवर्ड बेस६४ होऊनच जातात, आणि नेमकं म्हणूनच ते एचटीटीपीएसशिवाय, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीशिवाय, वापरू नये असं सांगतात. लॉग-इननंतर सर्व्हर देतो त्या जेडब्ल्यूटी टोकनमधली माहितीसुद्धा कुणालाही वाचता येते. त्यावरची सही फक्त फेरफार पकडते.

वाटेतल्या डेटासाठी एचटीटीपीएस आहे. फोनवरच्या गुपितांसाठी अँड्रॉइडला कीस्टोअर आणि आयफोनला कीचेन आहे. सर्व्हरची गुपितं तर अ‍ॅपमध्ये असूच नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तिथे ‘आम्ही बेस६४ केलं होतं’ हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही.

‘फाइल हलकी होते.’ दर ३ बाइटांची ४ चिन्हं होतात, म्हणजे आकार एक तृतीयांशाने वाढतो. ३ एमबीचा फोटो ४ एमबीचा होतो. तरी हा समज टिकून आहे, कारण बऱ्याच उदाहरणांत फोटोची जेपेग क्वालिटी आधी ६०-७० वर आणतात आणि लगेच पुढच्या ओळीत बेस६४ करतात. आकार पहिल्या ओळीने घटतो, श्रेय दुसरीला मिळतं. ही फुगलेली स्ट्रिंग (मजकूर) इंटेंटमधून, म्हणजे अँड्रॉइडच्या आतल्या निरोपातून, पुढच्या स्क्रीनला दिली, तर असे निरोप नेणाऱ्या अँड्रॉइडच्या बाइंडर यंत्रणेच्या १ एमबीच्या मर्यादेवर अ‍ॅप कोसळतं. मल्टिपार्ट अपलोडमध्ये बाइट्स जसेच्या तसे जातात. फोटोसाठी तेच वापरावं.

‘मराठी फुटत नाही.’ यामागे खरा अनुभव आहे, हे मान्य करायला हवं. मधली एखादी यंत्रणा चुकीचं एन्कोडिंग गृहीत धरत असेल, तर साधी रोमन चिन्हं त्यातून सुखरूप निघतात आणि पलीकडे मराठी परत मिळतं. पण दोष तिथेच राहतो, फक्त दिसेनासा होतो.

‘ठाणे’ हा शब्द युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणकात) चार कोडचा आहे: ठ, काना, ण, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन, असे १२ बाइट होतात. पहिल्या ‘ठ’चे २२४, १६४, १६०. हे बाइट कुणी विंडोज-१२५२ (विंडोजचं जुनं रोमन एन्कोडिंग) समजून वाचले, तर जवळपास प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि पुढे कचरा दिसतो. असं दिसलं तर बाइट बहुधा शाबूत आहेत, वाचणारा चुकलाय. नुसती प्रश्नचिन्हं साठलेली दिसली तर मात्र अक्षरं लिहितानाच गेली.

ती कुठे जातात? अँड्रॉइडवर जावाचा डीफॉल्ट कॅरॅक्टर सेट (वेगळं सांगितलं नाही तर वापरलं जाणारं एन्कोडिंग) कायम यूटीएफ-८ असतो. सर्व्हरवरच्या जावात तो २०२२ च्या जेडीके १८ या जावाच्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ झाला. त्याआधी तो ऑपरेटिंग सिस्टिमवर ठरायचा. म्हणून कॅरॅक्टर सेट न देता लिहिलेलं ‘गेटबाइट्स’ (मजकुराचे बाइट करणारी आज्ञा) फोनवर चालतं आणि तोच कोड जुन्या जावाच्या विंडोज सर्व्हरवर मराठीची प्रश्नचिन्हं करतो. त्यानंतर बेस६४ केलं तर ते ती प्रश्नचिन्हंच इमानाने पोचवतं. उपाय एकच: दोन्ही टोकांना यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८एमबी४’ ठेवा. जुन्या तीन बाइटी ‘यूटीएफ८’मध्ये मराठी बसतं, पण चार बाइटांची इमोजी आली की अडतं.

फाइल वाचतानाचा घोळ याहून फसवा. १०२४ बाइटांचा बफर (तात्पुरती साठवण) भरायचा आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी स्ट्रिंग करायची, असा कोड सर्रास कॉपी होतो. सलग देवनागरीत १०२४ ला ३ ने भागलं की १ उरतो, म्हणजे एक अक्षर दोन तुकड्यांत चिरलं जातं आणि तिथे प्रश्नचिन्हाची काळी चौकट उमटते. इंग्रजी मजकुरावर तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. जावाच्या इनपुटस्ट्रीमरीडरला यूटीएफ-८ देऊन वाचलं की अर्धवट अक्षर तो पुढच्या बाइटांपर्यंत धरून ठेवतो. तुकड्यातुकड्याने बेस६४ करतानाही हाच हिशेब आहे: तुकडा ३ च्या पटीत नसेल तर पॅडिंग, म्हणजे शेवटी यायची ती ‘बरोबर’ची चिन्हं, मध्येच येऊन बसतं.

फोटोचे बाइट थेट स्ट्रिंगमध्ये ओतणं तर सरळ नासधूस आहे. जेपेग २५५, २१६ ने सुरू होते आणि हे बाइट यूटीएफ-८ मध्ये वैध नाहीत. त्यांच्या जागी बदली चिन्ह येतं, आणि मूळ बाइट परत मिळत नाहीत. जेसनमधून (सर्व्हरशी देवाणघेवाणीच्या मजकूर-स्वरूपातून) एखादा छोटा आयकॉन किंवा डिजिटल सही पाठवायची असेल, तिथे बेस६४ योग्यच आहे. तेव्हाही अँड्रॉइडच्या बेस६४चा ‘डीफॉल्ट’ पर्याय दर ७६ चिन्हांनंतर आणि शेवटी नवी ओळ घालतं आणि जावाचा साधा डिकोडर ती नाकारतो, म्हणून ओळ न तोडणारा ‘नो-रॅप’ पर्याय द्यावा.

मजकूर बेस६४ करून डेटाबेसमध्ये ठेवला तर शोधही बिघडतो. ‘मुंबई’ एकटी असताना जी चिन्हं येतात, ती ‘नवी मुंबई’त येत नाहीत, कारण मधल्या एका बाइटाच्या स्पेसने पुढची सगळी तीन-तीनची मांडणी सरकते. नोडप्रमाणे (नवी मुंबईतल्या खारघरसारख्या विभागांप्रमाणे) पत्ते शोधू पाहणाऱ्या अ‍ॅपला हे परवडणारं नाही.

‘यूटीएफ-१६ वापरा.’ निव्वळ देवनागरीला यूटीएफ-८ मध्ये तीन आणि यूटीएफ-१६ मध्ये दोन बाइट लागतात, इतकं खरं. पण अ‍ॅपच्या प्रतिसादात कीची नावं, कंस, अवतरणं, तारखा, यूआरएल असतात. त्यांचा एक बाइट यूटीएफ-१६ मध्ये दोन होतो. वर जीझिप कॉम्प्रेशन लावलं की देवनागरीतले सारखे येणारे २२४-१६४ चांगलेच दाबले जातात. आणि जेसनच्या २०१७ च्या प्रमाणकानुसार यंत्रणांमधली देवाणघेवाण यूटीएफ-८ मध्येच व्हायला हवी. मराठी एसएमएसमध्ये मात्र अक्षरागणिक दोन बाइटांचा हिशेब खरोखर करावा लागतो: तिथे एका संदेशात ७० कोड मावतात, काना-मात्रा वेगळे मोजले जातात, आणि ही मर्यादा मोबाइल नेटवर्कची असल्याने अ‍ॅपमध्ये काहीही बदललं तरी हलत नाही.