पंधरा दिवसांत हिमोग्लोबिन ७ वरून १२? हिशेब करून पाहू

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. थोडक्यात म्हणणं असं: रोज बीट आणि गव्हांकुराचा रस घ्या, १५ दिवसांत हिमोग्लोबिन ७ वरून १२ होतं, लोहाच्या गोळ्या म्हणजे केमिकल, त्या बाधतात, आयुर्वेदात रक्तवाढीला नुसत्या वनस्पतीच वापरत, आणि हा उपाय कुणालाही चालतो.

आधी बीट. त्याचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांचा आहे, लोहाचा नाही. १०० ग्रॅम बीटमध्ये लोह जेमतेम ०.८ मिलिग्रॅम. आता ५० किलो वजनाची बाई घ्या. तिच्या अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त. दर १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम वाढवायचे तर एकूण १६० ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन नव्यानं तयार व्हायला हवं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला ३.४ मिलिग्रॅम लोह लागतं. झाले सुमारे ५५० मिलिग्रॅम. १५ दिवसांत, म्हणजे रोजचे ३६-३७. तेही पोटात गेलेलं नव्हे, शोषलं गेलेलं. आपल्या पोळी-भाताच्या जेवणातलं आठेक टक्केच लोह अंगी लागतं. त्या दरानं रोज पन्नास किलोहून जास्त बीट खावं लागेल! शोषण दुप्पट धरलं तरी पंचवीस किलोच्या वरच. (ज्यूसर कुठला घ्यायचा, तेही मजकुरात लिहायला हवं होतं.) इतक्या झपाट्यानं गोळ्यांनीसुद्धा हिमोग्लोबिन चढत नाही. तीन-चार आठवड्यांत २ ग्रॅम वाढलं तर डॉक्टर खूश असतात, आणि त्यानंतरही शरीरातला साठा भरायला दोन-तीन महिने गोळ्या चालू ठेवतात.

गव्हांकुराबद्दल सांगतात की हरितद्रव्य रक्तासारखंच असतं. दोन्हींच्या रेणूंची ठेवण मिळतीजुळती आहे, खरं आहे. पण हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, लोह नाही.

आयुर्वेदाच्या नावानं जे सांगितलं जातं ते मला सगळ्यांत खटकतं, कारण ते आयुर्वेदावरच अन्याय करणारं आहे. चरकसंहितेतल्या पांडुरोगाच्या (म्हणजे रक्त कमी होण्याच्या आजाराच्या) अध्यायात नवायस चूर्ण आहे. त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी), त्रिफळा (हिरडा, बेहडा, आवळा), नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक अशा नऊ वनस्पतींचा एकेक भाग, आणि त्यात नऊ भाग लोह. निम्मं औषध लोहच! पुनर्नवा मंडूरमधलं मंडूर म्हणजे लोखंडाचा मळ. धात्री लोहात आवळ्याच्या जोडीला लोहभस्म. वैद्यांना लोह लागतं हे ठाऊक होतं. वनस्पती त्याच्या सोबतीला होत्या. आवळ्यासारख्या आंबट फळातलं क जीवनसत्त्व लोहाचं शोषण वाढवतं, हे आज मोजताही येतं. पांडुरोगावर नवं वनौषधी औषध शोधणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी आणि ते गोळ्यांच्या तुलनेत तपासून, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनचेही (म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचे) आकडे दाखवावेत. ‘बरं वाटलं’ हा पुरावा नव्हे.

गोळ्या बाधतात ही तक्रार मात्र खोटी नाही. मळमळते, शौचाला खडा होतो. शौच काळी होते तिला घाबरायचं कारण नसतं. गोळी घेतली की हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि दुसऱ्या दिवशीचं शोषण कमी होतं. म्हणून काही रुग्णांना डॉक्टर दिवसाआड गोळी देतात, त्यानं पोटही कमी बिघडतं. गरोदर बाईनं मात्र हा बदल आपल्या मनानं करू नये. सरकारी कार्यक्रमात तिला १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड ठरलेलं आहे. आणि गोळी चहाबरोबर नको.

राहिलं ‘कुणालाही चालतं’. रक्त कमी असण्यामागे ब१२ची कमतरता असू शकते, थॅलेसेमिया असू शकतो, नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल असू शकतो (हे दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार). लोहच कमी असलं तरी ते गेलं कुठं हा प्रश्न उरतोच: पाळीत फार रक्त जातंय की पोटात हुकवर्म, म्हणजे रक्त शोषणारे जंत, आहेत? पन्नाशीच्या पुरुषाचं लोह कमी निघालं तर आतड्यातून रक्तस्राव होतोय का, हे आधी तपासतात. त्याला बीटच्या रसावर महिनाभर थांबवणं धोक्याचं आहे.