पोरसाचे हत्ती पळाले नव्हते

गेल्या तान्ह्या पोळ्यापासून गडचिरोलीच्या धानपट्ट्यातल्या आमच्या गावात सिकंदर आणि पंजाबचा राजा पोरस यांच्यातल्या झेलमकाठच्या इ.स.पू. ३२६ च्या लढाईचा पटावरचा खेळ सुरू आहे. पोळ्याचे लाकडी नंदी घडवणाऱ्या सुतारांनीच त्यासाठी सागवानाचे २० हत्ती करून दिले. एक लाकडी हत्ती म्हणजे १० हत्ती आणि १ सेंटिमीटर म्हणजे २५ मीटर, असे प्रमाण आम्ही धरले आहे. खेळाची छायाचित्रे फिरू लागली तसा मोबाइलवरचा एक जुना संदेश आमच्याकडे पुन्हापुन्हा येऊ लागला. हत्ती मशाल पाहताच उलटतात, पोरसाचे हत्ती पिसाळून आपल्याच सैन्यावर धावले, त्यामुळेच तो हरला आणि परकीय सेनापतींनी हत्तींना कधी किंमत दिली नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यावर विसंबून काही खेळाडूंनी फाशावर १ पडला की हत्ती उलटलाच पाहिजे असा नियम मागितला, म्हणून हे सविस्तर उत्तर.

मशालीचा दावा आपल्या भागात चटकन पटतो, कारण २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानहत्तींचा कळप धानाच्या बांधीतून हुसकावताना मशाली आणि फटाके आपण पाहिले आहेत. पण तो कळप पिल्लांना सांभाळत चारा शोधणारा आहे. कौटिलीय अर्थशास्त्र पिल्लू, गाभण हत्तीण आणि पिल्लाला पाजणारी हत्तीण पकडूच नये असे सांगते, चाळीस वर्षांचा हत्ती उत्तम मानते आणि युद्धाच्या हत्तीसाठी सात प्रकारची कवायत नेमून देते. कमलापूरच्या हत्ती कॅम्पमध्ये माहुताच्या एका शब्दावर हत्ती पाठ न फिरवता, एकेक पाय चाचपत मागे सरकताना मी जवळून पाहिला आहे. शिकवलेला हत्ती आणि रानातला हत्ती यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

आता मुख्य दावा. आपलेच सैन्य तुडवले गेले हे खरे आहे. सिकंदराच्या मोहिमांचा ग्रीक इतिहासकार एरियनच तसे लिहितो. पण ते केव्हा घडले, हे संदेश सांगत नाही. आधी याच हत्तींनी सिकंदराच्या, म्हणजे मॅसिडोनियाच्या, दाट पायदळात शिरून जिकडे वळतील तिकडे नासधूस केली. पुढे सिकंदराच्या घोडदळाने पोरसाच्या घोडेस्वारांना हत्तींच्या रांगेतच रेटले, जागा आक्रसली, माहूत भाल्या-बाणांनी पडले आणि जखमी जनावरांच्या पायाखाली मित्र-शत्रू दोघेही आले. समोरच्या पायदळाला मात्र मोकळे मैदान होते. हत्ती आला की ते मागे हटायचे, वळला की भाले फेकायचे. शेवटी थकलेले हत्ती, एरियनच्याच उपमेत सांगायचे तर, उलटी वल्ही मारणाऱ्या जहाजांसारखे, तोंड शत्रूकडेच ठेवून, नुसते चीत्कारत हळूहळू मागे सरले. याला पळणे कसे म्हणावे?

मागितलेल्या नियमाचा हिशेबही करून पाहावा. २० हत्तींपैकी दर डावाला सहावा हिस्सा उलटला, तर शत्रूने एकही भाला न फेकता सहाव्या डावाअखेर जेमतेम ७ उरतात. सिकंदराचा चरित्रकार प्लुटार्क याच्या सांगण्याप्रमाणे तर पोरसाच्या सैन्याने हार मानली ती दिवसाच्या आठव्या तासाला.

पोरस हत्तींमुळे हरला हेही टिकत नाही. उलट हत्तींमुळेच सिकंदराला समोरून नदी ओलांडता आली नाही, कारण पैलतीरावरचे हत्ती पाहून घोडी तराफ्यावरून पाण्यात उड्या घेतील अशी त्याला धास्ती होती. म्हणून तो वादळी रात्री बऱ्याच वरच्या अंगाने नदी उतरला. पोरसाचा घात झाला तो घोडदळात, आणि त्यातही सिकंदराचा सरदार कोइनस पाठीमागून आला तेव्हा. रथांबद्दल एवढेच पुरे की पोरसाच्या मुलाने आणलेले रथ चिखलात रुतले. रोवणीच्या दिवसांत बांधीत बंडी घालून पाहिलेल्याला आणखी सांगावे लागणार नाही.

किंमत दिली नाही, हा दावा तर सर्वांत कच्चा आहे. झेलमवर हे हत्ती समोरून पाहिलेल्या सिकंदराच्या सेनापतीने, सेल्यूकसनेच, पुढे चंद्रगुप्ताशी तह करून सिंधूकडचा प्रदेश सोडला आणि ५०० हत्ती घेतले. इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत त्याच्या हत्तींनी प्रतिस्पर्धी अँटिगोनसचा मुलगा डेमेट्रियस याच्या घोडदळाची परतीची वाट अडवली आणि अँटिगोनस एकाकी पडून मारला गेला. इ.स.पू. २०२ मध्ये झामाच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचे सुमारे ८० हत्ती वाया गेले हे मी नाकारत नाही, पण तिथे रोमन सेनापती स्किपिओने रांगांमध्ये मुद्दाम गल्ल्या मोकळ्या ठेवल्या होत्या.

त्यामुळे आमच्या पटावर नियम असा ठेवला आहे: हत्तीपासून ४ सेंटिमीटरच्या आत आलेल्या घोडदळाने आधी फासा टाकायचा. हत्तीसाठी फासा पडेल तो माहूत मेलेला असेल आणि दोन बाजूंनी जागा अडलेली असेल तेव्हाच. एरवी थकलेला हत्ती २ सेंटिमीटर मागे सरकेल आणि त्याचे तोंड समोरच राहील.