अॅडमिरल रिकोव्हर: फॉरवर्डमधला नायक आणि खरा माणूस

इंजिनिअर मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. त्याचा गोषवारा असा: पोलंडमधून आलेल्या गरीब शिंप्याच्या मुलाने, हायमन रिकोव्हर यांनी, एकट्याच्या बळावर अणुपाणबुडीचा शोध लावला. अख्खं अमेरिकी नौदल विरोधात होतं, तरी हा माणूस हटला नाही. त्यांच्या अणुपाणबुड्यांना कधीच अपघात झाला नाही. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर त्यांच्या हाताखाली अणुपाणबुडीवर होते. रिकोव्हर यांनी आयुष्यभर कुणाची एक पै घेतली नाही. म्हातारपणी मात्र त्यांना केल्या कामाचा पश्चात्ताप झाला. शेवटची ओळ ठरलेली: आपल्याकडेही असा एकच माणूस हवा होता.

शिंप्याचा मुलगा, हे खरं आहे. १९०० साली माकुफ माझोव्हिएत्स्की या गावी ज्यू कुटुंबात जन्म, लहानपणीच अमेरिकेत स्थलांतर, शिकागोत शिकताना तारा पोचवण्याचं काम, १९२२ साली नौदल अकादमीतून पदवी. इथवर काहीच आक्षेप नाही. बाकीच्या मजकुरात मात्र अर्धसत्यं इतकी आहेत की ज्या गोष्टीसाठी रिकोव्हर यांचं नाव घ्यावं, तीच नेमकी गायब होते. मला राग येतो तो याचा.

आधी शोधाचं बोलू. अणुशक्तीवर पाणबुडी चालवण्याची कल्पना रिकोव्हर यांची नव्हती. मार्च १९३९ मध्ये, युरेनियमच्या विखंडनाची, म्हणजे अणू फुटून ऊर्जा मिळण्याची, बातमी ताजी असताना, नौदलाच्याच संशोधन प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ रॉस गन यांनी पाणबुडीसाठी हे इंधन वापरता येईल का, हे तपासायला १५०० डॉलर मागितले आणि ते मिळालेही. मुद्दा साधा होता. तेव्हाच्या पाणबुड्या डिझेलवर चालत आणि डिझेलला हवा लागते. पाण्याखाली बॅटरीवर काही तास काढायचे, की पुन्हा वर येणं भाग. अणुभट्टीला हवा लागत नाही. १९४६ च्या मार्चमध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या फिलिप एबल्सन यांनी अणुपाणबुडीचा आराखडा अहवालाच्या रूपात मांडला. तोवर रिकोव्हर ओक रिजच्या अणुसंशोधन केंद्रात पोचलेसुद्धा नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ते जहाजबांधणी विभागातल्या विद्युत शाखेचे प्रमुख होते. १९४६ च्या उन्हाळ्यात नौदलाने अधिकाऱ्यांची एक छोटी तुकडी अणुशास्त्र शिकायला ओक रिजला धाडली, तीत ते होते. तिथल्याच अॅल्विन वाइनबर्ग यांनी दाबाखालचं साधं पाणी वापरून भट्टी थंड ठेवण्याचा मार्ग सुचवला. पुढे ‘नॉटिलस’ या पहिल्या अणुपाणबुडीत हीच पद्धत आली आणि आज जगातल्या बहुसंख्य अणुवीज केंद्रांत हीच आहे.

मग रिकोव्हर यांनी केलं काय? कागदावरची गोष्ट समुद्रात चालती केली. हे काम शोधापेक्षा कमी मोलाचं मानण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

इंधनाच्या नळ्यांना असा धातू हवा होता, जो तापलेल्या पाण्यात गंजत नाही आणि न्यूट्रॉन, म्हणजे अणू फोडत ठेवणारे कण, तेही गिळत नाही. झिर्कोनियम चालण्यासारखा होता, पण निसर्गात त्याच्यासोबत हाफ्नियम मिसळलेलं असतं आणि ते न्यूट्रॉन भरपूर गिळतं. शुद्ध झिर्कोनियम प्रयोगशाळेबाहेर जवळजवळ कुणी बनवतच नव्हतं. रिकोव्हर यांनी तोच धातू निवडला आणि त्याचं उत्पादन उभं राहीपर्यंत कारखान्यांच्या मागे लागले. वेगळं काढलेलं हाफ्नियमही वाया गेलं नाही, न्यूट्रॉन गिळण्याच्या त्याच गुणामुळे त्याचे भट्टीला आवर घालणारे नियंत्रक दांडे झाले.

दुसरा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो. आयडाहोच्या वाळवंटात त्यांनी पहिली भट्टी बांधली ती मोकळ्या शेडमध्ये नाही, पाणबुडीच्या पोटाएवढ्याच पोलादी कवचात, भोवती पाण्याची टाकी ठेवून. आधी ऐसपैस यंत्र बनवू, चाललं की आटोपशीर करू, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. रिकोव्हर यांचा हुकूम होता की जमिनीवरची भट्टी आणि बोटीतली भट्टी मांडणीतही सारखीच हवी. ३० मार्च १९५३ रोजी ती सुरू झाली. जूनमध्ये पूर्ण क्षमतेची ४८ तासांची चाचणी ठरली होती. २४ तास झाले तेव्हा, पुरेशी माहिती मिळाली, थांबवू या, असं तिथल्या अभियंत्यांनी सांगितलं. रिकोव्हर यांनी नियंत्रण कक्षात अटलांटिकचा नकाशा लावायला सांगितला आणि महासागर ओलांडण्याइतकं अंतर होईपर्यंत यंत्र चालू ठेवलं. वाटेत पंपांनी कुरकुर केली, कंडेन्सरच्या नळीला गळती लागली, तरी ९६ तास भट्टी चालली.

या मांडणीचा आपल्याशी थेट संबंध आहे. आपल्या ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीची भट्टीही आधी जमिनीवर, कल्पाक्कमला, पाणबुडीच्या कवचातच उभी राहिली. २००६ साली ती रीतसर चालू झाली आणि २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला अरिहंतचं जलावतरण झालं. त्या भट्टीच्या कामात डॉ. अनिल काकोडकर यांचा मोठा वाटा आहे. पण ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रातल्या कित्येकांचे हात तिला लागले, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने गिअरचं काम केलं, एल अँड टीने कवच बनवलं, रशियनांचं साहाय्य होतं आणि नौदलाने हा प्रकल्प दशकानुदशकं धरून ठेवला. ‘असा एकच माणूस हवा होता’ हे वाक्य या सगळ्यांना पुसून टाकतं.

अमेरिकेतही तेच झालं होतं. भट्टीसाठी पिट्सबर्गजवळ वेस्टिंगहाउसची बेटिस प्रयोगशाळा होती, जनरल इलेक्ट्रिकची नोल्स प्रयोगशाळा दुसऱ्या प्रकारच्या भट्टीवर काम करत होती आणि ग्रोटनच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीत बोट बांधली जात होती. नोल्सच्या भट्टीत पाण्याऐवजी द्रवरूप सोडियम होतं. ‘सीवुल्फ’ या पाणबुडीत ती बसवली, तेव्हा गळती आणि दुरुस्तीच्या अडचणी निघाल्या. रिकोव्हर यांनी ती भट्टी काढून सीवुल्फमध्येही पाण्याचीच बसवली. एकाच वेळी दोन वाटांवर पैसा लावायचा आणि एक चुकली की हट्ट न धरता सोडायची, ही समज त्यांच्याकडे होती.

‘अख्खं नौदल विरोधात’ हा दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो टिकतो. १९५१ आणि १९५२ अशी दोन वर्षं निवड मंडळाने कॅप्टन रिकोव्हर यांना रिअर अॅडमिरलची बढती नाकारली. नियमाने १९५३ मध्ये त्यांना घरी जावं लागणार होतं. तेव्हा अमेरिकी संसद मध्ये पडली. सिनेटने इतरांच्या डझनावारी बढत्या अडवून धरल्या, तेव्हा नौदल नमलं. १९५८ साली नॉटिलस उत्तर ध्रुवाखालून गेली आणि व्हाइट हाउसमध्ये समारंभ झाला, त्याचं आमंत्रणही रिकोव्हर यांना नव्हतं. अपमान खराच होता.

पण अणुपाणबुडी हवी, यावर १९४७ च्या डिसेंबरमध्ये शिक्कामोर्तब केलं ते नौदलप्रमुख चेस्टर निमिट्झ यांनी, आणि तेही जुने पाणबुडीवाले. जहाजबांधणी विभागाचे अॅडमिरल अर्ल मिल्स यांनी रिकोव्हर यांना ओक रिजला पाठवलं आणि नंतर अणुशक्ती शाखेचं प्रमुखपदही दिलं. विरोध पाणबुडीला फारसा नव्हता, रिकोव्हर यांच्या वागण्याला होता. ते वरिष्ठांना जुमानत नसत, गणवेशाऐवजी साध्या कपड्यांत वावरत, आणि त्यांचं जहाजाचं नेतृत्व म्हणजे १९३७ साली चीनच्या किनाऱ्यावर ‘फिंच’ या छोट्या जहाजावर काढलेले थोडे महिने. मुलाखतीला आलेल्या तरुण अधिकाऱ्याला पुढचे पाय कापलेल्या खुर्चीवर बसवायचं, उत्तर आवडलं नाही की झाडू ठेवायच्या खोलीत उभं करायचं, हे किस्से लोक कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक वाटत नाही. माणूस पारखायला त्याचा पाणउतारा करावाच लागतो, हे मला पटलेलं नाही.

त्यांची खरी चलाखी या खुर्च्यांच्या किश्श्यांमागे झाकली जाते. १९४९ पासून ते दोन पदांवर एकत्र होते, नौदलात आणि नागरी अणुऊर्जा आयोगात. एका बाजूने पत्र अडलं तर दुसऱ्या बाजूने जाई. त्यांच्या कार्यालयात टाइप होणाऱ्या प्रत्येक कागदाची गुलाबी कार्बन प्रत रोज त्यांच्या टेबलावर येई, मसुद्याचीसुद्धा. कारखान्यांत नेमलेली त्यांची माणसं थेट त्यांना पत्रं लिहीत. जवळजवळ प्रत्येक अणुजहाजाच्या पहिल्या सागरी चाचणीला ते स्वतः आत असत. चूक झाली तर कुणाला धरायचं हे आधीच ठरलेलं असे, आणि त्या यादीत पहिलं नाव त्यांचं स्वतःचं. आपल्या संस्थांनी त्यांच्याकडून काही उचलायचं असेल, तर ते हे आहे.

आता सर्वांत गंभीर चूक: ‘कधीच अपघात झाला नाही.’ हे वाचून १२९ माणसांच्या घरच्यांना काय वाटेल?

१० एप्रिल १९६३. दुरुस्तीनंतरच्या खोल डुबकीच्या चाचणीत ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी केप कॉडच्या पूर्वेला अटलांटिकमध्ये बुडाली. खलाशी, अधिकारी आणि चाचणीसाठी आलेले नागरी कर्मचारी, १२९ पैकी कुणीही वाचलं नाही. चौकशीत जे बहुधा घडलं असं मानलं गेलं ते असं: समुद्राच्या पाण्याच्या नळीचा सांधा इंजिन कक्षात फुटला, पाणी विजेच्या उपकरणांवर उडालं, त्यामुळे भट्टी आपोआप बंद झाली आणि पाणबुडीचा जोर गेला. वर येण्यासाठी टाक्यांतलं पाणी दाबाच्या हवेने बाहेर लोटायचं असतं. त्या हवेतला ओलावा गाळण्यांत गोठला आणि वाट तुंबली. वेल्डऐवजी चांदीमिश्रित धातूने जोडलेल्या नळ्यांचे काही सांधे आधीच्या दुरुस्तीत ध्वनिलहरींनी तपासले होते. त्यांतले सुमारे १४ टक्के कमी दर्जाचे निघाले, तरी बाकीचे तपासलेच गेले नाहीत.

या नळ्या रिकोव्हर यांच्या अखत्यारीत नव्हत्या, भट्टी होती. संसदेपुढे त्यांनी जहाजबांधणीतल्या ढिलाईवर कडक टीका केली आणि ती योग्यच होती. पण बंद पडलेली भट्टी पुन्हा सुरू करायला तेव्हाच्या पद्धतीत जो वेळ लागे, तो त्या खोलीवर परवडणारा नव्हता. ती पद्धत थ्रेशरनंतर बदलली. म्हणजे त्यांच्या बाजूलाही दुरुस्ती लागलीच. १९६३ मध्येच नौदलाने ‘सबसेफ’ नावाची तपासणीची चौकट आणली. मे १९६८ मध्ये अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ ‘स्कॉर्पियन’ ही अणुपाणबुडी ९९ जणांसह गेली. तिचं ते प्रमाणीकरण पूर्ण झालेलं नव्हतं. सबसेफ-प्रमाणित एकही अमेरिकी पाणबुडी त्यानंतर बुडालेली नाही.

खरा दावा याहून अरुंद आहे आणि तोही थोडाथोडका नाही: अमेरिकी नौदलाच्या अणुजहाजांवर भट्टीचा गाभा वितळला किंवा किरणोत्सर्ग पसरून अनर्थ झाला, असं घडलेलं नाही. एवढंच लिहावं. आणि खुद्द रिकोव्हर चुकत नसत असंही नाही. जुलै १९८१ मध्ये ‘ला जोला’च्या चाचणीत ते हजर असताना बोट ताब्याबाहेर जाऊन ठरल्यापेक्षा खोल गेली. नौदल सचिव जॉन लेहमन यांनी त्यांना निवृत्त करताना हे प्रकरण पुढे ठेवलं होतं.

कार्टर यांचं थोडक्यात. १९५२ साली रिकोव्हर यांनी त्यांची निवड केली आणि ते सीवुल्फच्या तयारीत होते. वडील वारल्यावर १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी नौदल सोडलं. तेव्हा जगातली एकही अणुपाणबुडी सेवेत नव्हती. नॉटिलस दाखल झाली ती ३० सप्टेंबर १९५४ ला आणि अणुशक्तीवर पहिल्यांदा निघाली १७ जानेवारी १९५५ ला.

‘एक पै घेतली नाही’ हेही खोटं. इलेक्ट्रिक बोटची मालक कंपनी जनरल डायनॅमिक्स हिच्याकडून त्यांनी सोळा वर्षांत सुमारे ६७ हजार डॉलरच्या भेटवस्तू घेतल्या, दागिन्यांसकट. १९८५ साली लेहमन यांनी त्याबद्दल त्यांना लेखी ठपका दिला. निर्णयांवर याचा परिणाम झाला नाही, असं रिकोव्हर यांचं म्हणणं होतं. ठेकेदारांच्या फुगवलेल्या बिलांवर याच कंपनीशी त्यांनी उघड भांडण केलं होतं, हे पाहता ते पटण्यासारखं आहे. तरीही इतरांच्या कागदाचा प्रत्येक तुकडा वाचणाऱ्या माणसाने या वस्तू घ्यायला नको होत्या.

राहिला पश्चात्ताप. २८ जानेवारी १९८२ रोजी, निवृत्तीच्या तीन दिवस आधी, ८२ वर्षांचे रिकोव्हर संसदेच्या संयुक्त आर्थिक समितीपुढे बोलले. किरणोत्सर्ग निर्माण होत असेल तर अणुऊर्जा त्या मोलाची नाही, आणि आपल्या हातात असतं तर ही सगळी अणुजहाजं बुडवली असती, असं ते म्हणाले. आपल्या वाट्याचा अभिमान वाटत नाही, असंही म्हणाले. अणुविरोधक इथेच कात्री लावतात. अणुसमर्थक ही साक्ष म्हातारपणाची बडबड म्हणून सोडून देतात. दोघांनी गाळलेला भाग असा, की देशाच्या सुरक्षेसाठी ते आवश्यक होतं म्हणून केलं, आणि म्हणूनच युद्ध थांबवण्याचा आपण एवढा आग्रह धरतो, असं त्यांनी त्याच ओघात सांगितलं. अणुजहाजांना त्यांनी आवश्यक अनिष्ट म्हटलं. शिपिंगपोर्टचं वीज केंद्र १९५७ साली त्यांच्याच देखरेखीखाली उभं राहिलं होतं आणि त्या साक्षीच्या काळातही तिथे थोरियमच्या गाभ्यावर वीज बनत होती. ‘केलं ते चुकलं’ असं मात्र ते त्या साक्षीत म्हणाले नाहीत. सगळ्या देशांनी मिळून आधी अण्वस्त्रांवर आणि मग अणुभट्ट्यांवरही बंदी घालावी, असं त्यांचं मागणं होतं.